चारित्र्य घडवणं हे डीनचं काम आहे का? रेचल बॉडली यांच्याकडे पाहून दिलेलं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: "वैद्यकीय महाविद्यालयात मला नुकतीच विद्यार्थी अधिष्ठाता म्हणून जबाबदारी मिळाली आहे. नेमणुकीच्या पत्रात 'विद्यार्थ्यांना मार्गदर्शन व त्यांची चारित्र्यघडण' असं लिहिलं आहे. मुलं अठरा पूर्ण झालेली असतात. हजेरी, शिस्त आणि रॅगिंगविरोधी समिती यांच्या पलीकडे डीनने खरंच काही करायचं असतं का? की हे जुन्या काळचे शब्द नुसते पत्रात राहून गेले आहेत?"

करायचं असतं, आणि ते खूप असतं. पण पत्र लिहिणाऱ्याच्या मनात जे असेल ते बहुधा नाही. मी वैद्यकीय महाविद्यालयात बरीच वर्षं बायोकेमिस्ट्री शिकवली, मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते आणि पुढे तुमच्याच खुर्चीत बसले. या कामाचा अर्थ मला नियमांच्या पुस्तकातून कळला नाही. तो कळला एका अमेरिकन बाईंच्या कामाकडे पाहून. त्यांचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही, पण त्यांची विद्यार्थिनी मात्र प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. ती विद्यार्थिनी म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी. आणि त्या शिकल्या त्या फिलाडेल्फियातल्या विमेन्स मेडिकल कॉलेजच्या डीन होत्या रेचल बॉडली.

हे कॉलेज १८५० मध्ये सुरू झालं. स्त्रियांनी डॉक्टर व्हावं ही कल्पनाच तेव्हा शहरातल्या बहुतेक डॉक्टरांना मान्य नव्हती. जिल्ह्याच्या वैद्यकीय संघटनेने स्त्री-डॉक्टरांशी व्यावसायिक संबंध ठेवू नयेत असा ठरावच केलेला होता. १८६६ मध्ये अ‍ॅन प्रेस्टन डीन झाल्या. त्या याच कॉलेजच्या पहिल्या तुकडीच्या. त्यांच्या कारकिर्दीतला एक प्रसंग तुम्ही माहीत करून घ्यावा असा आहे. नोव्हेंबर १८६९ मध्ये पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलमधल्या क्लिनिकल व्याख्यानांना बसण्याची परवानगी या मुलींना मिळाली. त्या गेल्या तर सभागृहातल्या मुलग्यांनी आरडाओरडा केला, कागदाचे बोळे फेकले, तंबाखूच्या पिंका टाकल्या, आणि बाहेर रस्त्यातही त्यांचा पिच्छा सोडला नाही. त्यानंतर शहरातल्या डॉक्टरांनी निषेधाचं पत्रक काढलं, पण ते त्या मुलग्यांविरुद्ध नव्हतं. स्त्री-पुरुषांनी एकत्र क्लिनिकला बसणंच अयोग्य, असं ते पत्रक होतं. प्रेस्टनबाईंनी त्याला वर्तमानपत्रातून मुद्देसूद उत्तर दिलं. मुली क्लिनिकला जात राहिल्या.

मी नव्या सहकाऱ्यांना हा प्रसंग सांगते, कारण डीनचं तोंड आधी कुठे असावं ते त्यातून कळतं. आपण बहुतेक जण विद्यार्थ्यांकडे तोंड करून उभे राहतो, बोट उगारून. प्रेस्टन आपल्या विद्यार्थिनींना पाठीशी घालून बाहेरच्या जगाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. संकटात आपल्या बाजूने कोण उभं राहिलं हे मुलं आयुष्यभर विसरत नाहीत. पुढे त्याच माणसाने कान धरला तर तेही ती ऐकून घेतात. उलट्या क्रमाने हे जमत नाही.

प्रेस्टन १८७२ मध्ये वारल्या. मधली दोन वर्षं एमेलिन क्लीव्हलंड डीन होत्या आणि १८७४ मध्ये बॉडली आल्या. जन्म सिनसिनाटीचा, १८३१ चा. आई खाजगी शाळा चालवायची, त्यामुळे घरातच शिकवण्याचं वातावरण होतं. वनस्पतिशास्त्र आणि रसायनशास्त्र हे त्यांचे विषय. १८६५ पासून त्या याच कॉलेजात रसायनशास्त्र आणि विषशास्त्र शिकवत होत्या. अमेरिकन केमिकल सोसायटी १८७६ मध्ये स्थापन झाली तेव्हाच्या सभासदांत त्यांचं नाव आहे. त्या डॉक्टर मात्र नव्हत्या. कॉलेजने त्यांना सन्मानाची एम. डी. दिली ती १८७९ मध्ये, म्हणजे डीन झाल्यावर. प्रॅक्टिस नाही, वॉर्ड नाही, ऑपरेशन थिएटर नाही. शिकवणं, कॉलेज आणि विद्यार्थिनी एवढंच त्यांचं क्षेत्र होतं. डीन म्हणून त्यांच्या यशात याचा मोठा वाटा असावा असं मला वाटतं. आपल्याकडे हे पद बहुतेकदा ओपीडी आणि विभागाच्या कामातून उरलेल्या वेळात केलं जातं. तुमच्या हातात असेल तर पहिली मागणी वेळेची करा, केबिनची नंतर.

आता आनंदीबाईंकडे येते. जून १८८३ मध्ये त्या अमेरिकेत पोचल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. लहानपणी लग्न, चौदाव्या वर्षी मूल आणि ते दहा दिवसांत गेलेलं. औपचारिक शिक्षण तुटक, गोपाळरावांच्या बदल्यांच्या गावांत मिळेल तसं झालेलं. कॉलेजला लिहिलेल्या पत्रात त्यांनी ही उणीव लपवली नाही. प्रवेशाच्या अटींत आपण कदाचित पूर्ण बसणार नाही हे कबूल करून त्यांनी लिहिलं की, आप्तांचा आणि जातीचा विरोध पत्करून ज्या निश्चयाने मी इथवर आले, तो निश्चय माझ्या बाजूने धरला जावा. पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशातल्या बायकांसाठी आपल्याला हे शिकायचं आहे, असंही त्यांनी लिहिलं.

कॉलेजने त्यांना घेतलं. इथे दोन गोष्टी वेगवेगळ्या बघायला हव्यात. प्रवेशाच्या वेळी कागदांपेक्षा माणसाकडे पाहिलं गेलं. पण एकदा आत आल्यावर अभ्यासक्रम सगळ्यांना होता तोच, परीक्षाही त्याच. पदवीसाठी त्यांनी प्रबंध लिहिला तो प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. म्हणजे त्या जे घेऊन आल्या होत्या त्यालाही अभ्यासात जागा मिळाली. आज गडचिरोलीची किंवा नंदुरबारची मुलगी मराठी माध्यमातून येते आणि अ‍ॅनाटॉमीच्या पहिल्या तासाला गांगरते, तेव्हा आपल्यातले काही जण तिच्यासाठी पेपर सोपा करू पाहतात आणि काही जण 'झेपत नसेल तर आलीस कशाला' म्हणतात. दोन्हीत तिचा अपमान आहे. वेळ द्या, सोबत द्या, शब्दकोश द्या, संध्याकाळी बसवून शिकवा. उत्तीर्ण होण्याची पातळी मात्र हलवू नका. ती हलवली तर तिला स्वतःलाच कायम वाटत राहील की आपण दयेवर पास झालो.

त्यापुढची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बॉडली श्रद्धाळू प्रेस्बिटेरियन ख्रिस्ती होत्या. परदेशातल्या मिशनकार्याबद्दल त्यांना मनापासून आस्था होती आणि या कॉलेजातून शिकलेल्या कितीतरी जणी मिशनरी डॉक्टर म्हणून बाहेर पडल्या. क्लारा स्वेन १८६९ ला पदवी घेऊन बरेलीला आल्या, अ‍ॅना कुगलर १८७९ ला पदवी घेऊन पुढे गुंटूरला. अशा वातावरणात एक ब्राह्मण मुलगी आली. निघण्यापूर्वी, फेब्रुवारी १८८३ मध्ये, बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजच्या सभागृहात भरसभेत तिने सांगितलं होतं की मी हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार. तसंच झालं. साडी नेसून, शाकाहार सांभाळून त्यांनी तीन वर्षं अभ्यास केला आणि धर्म न बदलता पदवी घेतली.

चारित्र्यघडण म्हणताना आपल्या मनात नकळत एक साचा असतो, आणि तो बहुतेकदा आपल्याच चेहऱ्याचा असतो. आपल्यासारखं बोलणारा, आपल्यासारखं नेसणारा, आपल्याच देवाला हात जोडणारा विद्यार्थी आपल्याला 'संस्कारी' वाटतो. बॉडलींना तो मोह होण्याची सगळी कारणं होती: श्रद्धा, अधिकार आणि समोर कोवळ्या वयाची, परदेशात एकटी पडलेली मुलगी. तरी या मुलीने भरसभेत दिलेला शब्द त्यांच्या कॉलेजात अबाधित राहिला. आनंदीबाईंचं चारित्र्य फिलाडेल्फियाला जाण्याआधीच पुरेसं घडलेलं होतं. त्याला उभं राहायला जागा हवी होती आणि ती कॉलेजने दिली. माझ्या मते डीनचं काम इथून सुरू होतं. समोरच्या मुलात जे चांगलं आधीपासून आहे ते ओळखायचं आणि संस्थेच्या रेट्यात ते चिरडलं जाणार नाही हे बघायचं.

बॉडलींच्या काळातला एक फोटो तुम्ही पाहिला असेल. १० ऑक्टोबर १८८५ ही त्याची तारीख. त्यात आनंदीबाई साडीत आहेत, जपानच्या केई ओकामी किमोनोत, आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली त्यांच्या देशी पोशाखात. तो काढला गेला डीनच्या स्वागतसमारंभाच्या वेळी. लोक त्यातल्या तीन मुलींबद्दल बोलतात, आणि बोलावंच. मला त्यामागचा समारंभही महत्त्वाचा वाटतो. डीन मुलींना एकत्र बोलावते, त्यांचं स्वागत करते, आणि इतक्या दूरच्या देशांतून आलेल्या मुलींना आपापल्या वेषात यावंसं वाटतं. नोटीस काढून हे होत नाही. आपल्याकडे पहिल्या वर्षाच्या फाउंडेशन कोर्समध्ये डीनचं भाषण ठेवतात, हार, दीपप्रज्वलन, पाऊण तास उपदेश. त्याऐवजी पंधरा-पंधरा मुलांना घरी चहा-पोह्यांना बोलवा. घर लहान असेल तर कँटीनमध्ये बसा. गाव कुठलं, घरी कोण कोण, इथे जेवण जमतंय का, एवढंच विचारा. मेसमधली भाजी न चालणारं मूल पहिल्या महिन्यात कुणाला काही सांगत नाही, आणि दुसऱ्या महिन्यात आजारी पडून वर्ग चुकवतं. मग आपण त्याच्या हजेरीबद्दल पालकांना पत्र पाठवतो.

आरोग्यावर मी मुद्दाम थांबते. तिथला हिवाळा आणि अपुरा पडणारा आहार यांनी आनंदीबाईंची तब्येत ढासळत गेली. पदवी मिळाली ११ मार्च १८८६ ला. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्या परत निघाल्या तेव्हा क्षयाने पोखरलेल्या होत्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांची वाट पाहत होती, पण ती घेता आली नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या, बाविसावं वर्षही पुरं व्हायचं होतं. क्षयावर तेव्हा औषध नव्हतं, त्यामुळे दोष कुणाला द्यावा असं मला वाटत नाही. पण जिद्दी विद्यार्थ्यांबाबत मी यातून एक सावधपणा घेतला आहे. जे मूल कधीच तक्रार करत नाही, पहिलं येतं, रात्री दोनपर्यंत जागतं, त्याच्याकडे आधी बघायचं. शिस्तभंग करणारी मुलं आपोआप नजरेत येतात. निश्चयी मुलं शांतपणे झिजतात आणि आपण त्यांचं कौतुक करत बसतो.

त्या पदवीदान समारंभाला बॉडलींनी पंडिता रमाबाईंना इंग्लंडहून बोलावून घेतलं होतं. रमाबाई आनंदीबाईंच्या दूरच्या नात्यातल्या. या एका निमंत्रणातून किती घडलं बघा. थोड्या दिवसांसाठी आलेल्या रमाबाई अमेरिकेत राहिल्या, फिलाडेल्फियात बालवाडीचं शिक्षण घेतलं, आणि १८८७ मध्ये तिथूनच उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झालं. त्याची प्रस्तावना बॉडलींची. हजार वर्षांचं मौन आता भंगलं आहे, अशी तिची सुरुवात आहे. त्या पुस्तकाने आणि व्याख्यानांनी उभ्या राहिलेल्या मदतीतून ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं, आनंदीबाईंच्या पदवीदानाला बरोबर तीन वर्षं झाली त्या दिवशी. ते पाहायला बॉडली नव्हत्या. जून १८८८ मध्ये त्यांचं निधन झालं होतं.

मला त्या निमंत्रणातली समज मोठी वाटते. मुलीच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस आहे, तर तिचं माणूस तिच्या शेजारी हवं, हे डीनला सुचलं. पदवीदानाला ज्यांचे आईवडील येऊ शकत नाहीत अशी मुलं आपल्याही प्रत्येक बॅचमध्ये असतात. मजुरी बुडते, प्रवासाला पैसे नसतात, किंवा एवढ्या मोठ्या सभागृहात बुजायला होतं म्हणून येत नाहीत. ती यादी महिनाभर आधी करता येते. येण्याजाण्याची आणि एका रात्रीच्या मुक्कामाची सोय एवढंच लागतं.

आनंदीबाई बोटीत बसल्या त्याच महिन्यात, म्हणजे १८८६ च्या ऑक्टोबरात, ओमाहा जमातीची सुसान ला फ्लेश या कॉलेजात दाखल झाली. १८८९ मध्ये ती वर्गात पहिली आली, अमेरिकेच्या मूळ रहिवाशांतली पहिली पदवीधर स्त्री-डॉक्टर ठरली आणि आपल्याच लोकांत जाऊन तिने काम केलं. कॅरोलिन स्टिल अँडरसन ही आफ्रिकी वंशाची विद्यार्थिनी त्याआधी १८७८ मध्ये इथूनच पदवीधर झाली होती. म्हणजे आनंदीबाईंना मिळालेली वागणूक हा एखादा अपवाद नव्हता. त्या कॉलेजची ती रीत होती.

आणखी एक काम बॉडलींनी केलं, आणि त्याचं अनुकरण तुम्ही पहिल्याच वर्षी करू शकता. १८८१ च्या सुमारास त्यांनी कॉलेजच्या हयात पदवीधरांना प्रश्नावली पाठवली. प्रॅक्टिस कसली करता, कमाई किती, वैद्यकीय संघटनांनी सभासद करून घेतलं का, शिकवता का, लग्न-संसाराशी या शिक्षणाचं कसं जमलं, असे साधे प्रश्न होते. बायका शिकतील, पण लग्न झालं की घरी बसतील, असं तेव्हा सर्रास बोललं जायचं. या बाईंनी वाद घातला नाही, आपल्याच माजी विद्यार्थिनींकडून उत्तरं मागवली आणि ती जगापुढे ठेवली. बहुसंख्य जणी प्रॅक्टिस करत होत्या. एका रसायनशास्त्रज्ञाला शोभेल असंच हे काम होतं. आपण मूल्यमापनाच्या फायलीसाठी माजी विद्यार्थ्यांचे फॉर्म भरून घेतो आणि विसरतो. बाहेर पडल्यावर कट प्रॅक्टिसला, म्हणजे पेशंट पाठवण्याबद्दल मिळणाऱ्या कमिशनला, नाही म्हणता आलं का, ग्रामीण सेवेची बंधपत्रित वर्षं कशी गेली, हे त्यांना विचारून बघा. आपण काय घडवलं किंवा काय घडवायचं राहिलं, ते तुम्हाला त्या उत्तरांतच दिसेल.

तुमच्या 'अठरा पूर्ण' या मुद्द्याला कायद्याच्या बाजूनेही उत्तर आहे. अमेरिकेत पुढे डीन ऑफ मेन, डीन ऑफ विमेन अशी पदं वाढली आणि कॉलेज म्हणजे आईबाप असा विचार बळावला. १९१३ मध्ये केंटकीच्या न्यायालयाने बेरिया कॉलेजच्या खटल्यात तो मान्यही केला. कॉलेजने विद्यार्थ्यांना बाहेरच्या खाणावळीत जायला बंदी केली होती आणि ती बंदी योग्य ठरली. १९६१ मध्ये मात्र अलाबामाच्या खटल्यात संघराज्याच्या अपील न्यायालयाने उलटी दिशा धरली. वर्णभेदाविरुद्ध निदर्शनं केल्याबद्दल काढून टाकलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या बाबतीत न्यायालय म्हणालं की सरकारी कॉलेजला विद्यार्थ्याला असं काढता येणार नाही. आधी नोटीस द्यावी लागेल, त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागेल. मला हा बदल फार योग्य वाटतो. पहारा, तपासणी, फोन बघणं, वसतिगृहात खबरे नेमणं यांतून चारित्र्य घडतं असं मी कधी पाहिलं नाही. लपवण्यातली हुशारी तेवढी वाढते. आईबापाचा अधिकार आपल्याला नाही, आणि नसलेलाच बरा. बॉडलींनी जे केलं त्याला तो लागतही नाही.

शिस्तीचं काय, हे तुम्ही विचारणारच. एक रोजचं उदाहरण घेऊ. प्रॉक्सी. मित्राची हजेरी लावताना मुलगा पकडला जातो. त्याला सगळ्या वर्गासमोर उभं करू नका. केबिनमध्ये बोलवा, दार बंद करा, तुमच्यासोबत एक सहकारी असू दे. आधी त्याला बोलू द्या. तो जे सांगेल ते खरं धरून पुढे जा आणि तसं त्याला स्पष्ट सांगा: "तू सांगतोस ते मी खरं मानते, आणि त्यावर निर्णय घेते." मी हे कितीतरी मुलांना म्हटलं. काहींनी फसवलं, हो. पण बरेच जण दुसऱ्या दिवशी स्वतःहून परत आले आणि राहिलेला अर्धा भाग सांगून गेले. मग शिक्षा द्या, ती चुकीइतकीच असू द्या आणि त्या मुलाच्या फाइलबाहेर जाऊ देऊ नका. हाच मुलगा उद्या केसपेपरवर न तपासलेलं रक्तदाबाचं रीडिंग लिहील की नाही, हे याच खोलीत ठरत असतं, म्हणून मी हजेरीच्या बारीक लबाडीला बारीक मानत नाही. आणि गंभीर प्रकरणात, रॅगिंग असो वा छेडछाड, ही खाजगी वाट अजिबात धरू नका. तिथे समिती, लेखी जबाब आणि कायदा. त्रास झालेल्या मुलीचं किंवा मुलाचं रक्षण आधी, त्रास देणाऱ्याचं भविष्य नंतर.

पालकांबद्दल थोडं. ते फोन करतील, 'आमच्या मुलावर लक्ष ठेवा' म्हणतील. मुलाने विश्वासाने सांगितलेलं त्यांच्यापर्यंत पोचवू नका. अपवाद फक्त जिवाच्या धोक्याचा. हे मुलांना पहिल्याच भेटीत सांगून ठेवा, अपवादासकट.

आता कामाला सुरुवात. प्रवेश झाल्यावर ऑफिसकडून तीन याद्या मागवा. ज्यांची शिष्यवृत्ती अडकली आहे ती मुलं, ज्यांना वसतिगृह मिळालेलं नाही ती, आणि ज्यांचं बारावीपर्यंतचं शिक्षण इंग्रजीत झालेलं नाही ती. तिन्ही याद्यांत असलेली नावं वेगळी काढा आणि त्या मुलांना पहिल्या आठवड्यातच भेटा, बोलावणं न धाडता, वर्गात किंवा मेसमध्ये जाऊन. अडकलेल्या शिष्यवृत्तीसाठी समाजकल्याण कार्यालयात मुलाला हेलपाटे घालायला लावू नका. पत्र घ्या, लिपिकाला सोबत द्या, जमलं तर स्वतः जा.